बेसमेंटमधली अंबाडी

मुलीनं रोपं आणली तेव्हा मी पहिली चौकशी केली ती पोलिसांची. मार्च संपत आला होता, पण नोव्हाय या आमच्या गावात ड्राइव्हवेच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग अजून तसेच होते. ती गाडीच्या मागच्या सीटवरून एक पुठ्ठ्याचा खोका जपून उचलत होती. खोक्यात लाल प्लॅस्टिकचे तीन पेले, आणि त्यांत बोटभर उंचीची गांजाची तीन रोपं. "मॉम, इट्स मिशिगन. इट्स लीगल," असं म्हणून ती बूट न काढता सरळ बेसमेंटमध्ये गेली. नंतर तिनं मला कायदाही समजावून सांगितला. मोठ्या माणसांना स्वतःपुरती थोडी झाडं घरी लावता येतात, मात्र ती बंद, कुलपाच्या जागेत हवीत आणि रस्त्यावरून दिसता कामा नयेत. आम्ही नवरा-बायको आता इथले नागरिक आहोत, तेव्हा तीही काळजी नाही, असं तिचं म्हणणं. मी साताऱ्यात वाढले. गांजा हा शब्द माझ्या कानावर पडला तो वर्तमानपत्रातल्या धाडींच्या बातम्यांतून. तरी मी घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारची सामानाची खोली रिकामी करून दिली आणि कुलूप आणायला गेले.

रोपं नवऱ्यासाठी होती. त्या हिवाळ्यात त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली आणि मग सावधगिरी म्हणून केमो सुरू झाली. केस फारसे गेले नाहीत. गेली ती भूक. पाण्याला लोखंडाची चव येते म्हणायचा, वरणाला साबणाचा वास येतो म्हणायचा. उभा राहिला की एका हातानं पँट धरायचा. डॉक्टरबाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर उरलेले डोस थांबवावे लागतील, आणि अर्धवट सोडलेल्या ट्रीटमेंटचा भरवसा त्या देऊ शकत नाहीत. त्यामुळे घरात दिवसभर एकच विषय असायचा, त्यानं आज काय खाल्लं.

डॉक्टरबाईंना विचारूनच आम्ही आधी दुकानातून गांजाची गमी आणली होती. लहान मुलांच्या जेलीसारखी दिसते ती. नवऱ्यानं आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक टेस्ट केले आहेत. सूचना वाचण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण त्या दिवशी अर्धी गोळी घेऊन काहीच होत नाही म्हणून त्यानं उरलेली अर्धीही तोंडात टाकली आणि मग संध्याकाळभर रिमोट छातीशी धरून सोफ्यावर बसला. टीव्ही बंद करू का विचारलं तर म्हणाला, नको, आतल्या लोकांना वाईट वाटेल. भूक लागली का विचारलं तर नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं की असली तयार गोळी आपल्याला नको. आपण सौम्य जातीचं झाड स्वतः वाढवू आणि माप स्वतः ठरवू.

फुलं येऊन, ती सुकून, हातात काही पडेपर्यंत तुझी ट्रीटमेंट संपलेली असेल, हे मी त्याला सांगितलं.

"माहितीये," तो म्हणाला.

हातात एखादं काम असलं की हा माणूस सकाळी उठून बसतो, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे. मुलीलाही ते कळलं असावं. ती आता वेगळी राहते, फार बोलत नाही, पण तिचं लक्ष असतं.

केमो चालू असलेल्या माणसानं मातीत हात घालायचे नाहीत, बुरशीची भीती असते. म्हणून आम्ही कामं वाटून घेतली. मातीचं सगळं माझ्याकडे आणि पाण्याचं त्याच्याकडे. मी पेल्यांतून रोपं काढून छोट्या कुंड्यांत लावली. तो मास्क आणि हातमोजे घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायचा आणि पाणी तयार करायचा. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. मग पाण्यातला आम्लपणा मोजायचा, मग विरघळलेले क्षार मोजायचे. दोन्हींचे मीटर त्यानं मागवले होते, पेनाएवढे. खताच्या तीन बाटल्या होत्या. एक वाढीची, एक फुलोऱ्याची, एक कॅल्शियमची. पहिले दोनेक आठवडे त्यानं त्यातली एकही उघडली नाही. रोप उगवतं तेव्हा खालची जी दोन गोल पानं असतात, त्यांतच त्याची शिदोरी असते, ती संपेपर्यंत नुसतं पाणी, असं तो म्हणाला. ती पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा कुठे त्यानं वाढीची बाटली उघडली. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्यानं, तेही औषधाच्या सिरिंजनं थेंब मोजून.

मला हे पटायचं नाही. रोपं फिकी दिसत होती. माझ्या माहेरी शेती होती, नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द मी पाढ्यांबरोबर शिकले होते. पान फिकं दिसलं की नत्र कमी, एवढं मला कळतं. मी तसं म्हटलं की तो मला वरची पानं दाखवायचा. वरून येणारं नवं पान हिरवं आहे, खालचं जुनं फिकं आहे, म्हणजे थोडी तूट आहे पण उपासमार नाही. लहान रोपाला कमी पडलं तर दोन दिवसांत भरून काढता येतं. जास्त झालं तर परत काढून घेता येत नाही, असं तो म्हणायचा. तो असा हातचं राखून खत घालायचा आणि मी कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचे. हलकी लागली तरच पाणी, जड लागली तर नाही. रोज सकाळी अर्धा तास आमचं हे चालायचं. त्या अर्ध्या तासात तो आजारी वाटायचा नाही.

एप्रिलमध्ये ताई आल्या. ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, अकोल्याजवळच्या एका गावच्या. भावाला बरं नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच व्हिसा काढला आणि एकट्या आल्या. विमानतळावर त्या व्हीलचेअरमधून बाहेर आल्या तेव्हा मी घाबरून पुढे धावले. पण आम्हाला पाहताच त्या टुणकन उठून चालायला लागल्या. व्हीलचेअर सांगितली की रांगेत उभं राहावं लागत नाही, हे त्यांना शेजारणीनं शिकवून पाठवलं होतं. बॅगेतून ज्वारीचं पीठ, सांडगे, तिळाची चटणी, मेतकूट असं निघालं. भावाला पाहिल्यावर त्यांनी त्याच्या मनगटाभोवती बोटं धरून पाहिली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

अकरावी-बारावीला नवरा ताईंकडे राहून शिकला होता. त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. या वयातली मुलं किती खातात हे त्यांना तिथे कळलं, आणि भाऊ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तो भाकरीच्या चवडीसमोर बसलेला मुलगाच यायचा. त्यांनी आल्या दिवसापासून स्वयंपाकाचा ताबा घेतला. वांग्याचं भरीत, झुणका, कढी, कण्या. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी ताकात शिजवतात ती. ताट वाढून त्या त्याच्या समोरच बसायच्या. घास घेतला का, गिळला का, सगळं बघायच्या. ताट अर्धं होण्याआधी वरून वाढायच्या. तो नको म्हणाला की म्हणायच्या, एवढंसं तर आहे. तो पानावर हात आडवा धरायचा आणि त्या बोटांच्या फटीतून वाढायच्या. विदर्भातला आग्रह मी लग्नात पाहिला होता, रोजच्या जेवणात पहिल्यांदा पाहत होते. तो त्यांचं मन मोडायचं नाही म्हणून खायचा आणि थोड्या वेळानं बाथरूमचं दार लावून घ्यायचा. आम्ही बाहेर बसून नळाचा आवाज ऐकायचो.

मी ताईंना एकदा सांगून पाहिलं की डाएटिशियननं थोडं थोडं, दर दोन तासांनी द्यायला सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं. मग भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "यांनीही आधी जेवणच सोडलं होतं." यांनी म्हणजे त्यांच्या यजमानांनी. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. "माणूस खात नाही म्हटलं की मला तेच दिवस दिसतात. तू रागावू नको." मी रागावलेच होते, पण त्यानंतर मला ते दाखवता आलं नाही.

बेसमेंटबद्दल त्यांना काय सांगायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. त्यांनी एक दिवस कपडे मशीनला लावायला खाली गेल्यावर खोलीच्या दाराखालून येणारा उजेड पाहिला आणि नवऱ्याला विचारलं. त्यानं दार उघडून दाखवलं. पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली तीन कुंड्या, वीतभर वाढलेली रोपं, कातरलेल्या कडांची पंजासारखी पानं. ताईंचा चेहरा फुलला. "अरे, ही तर अंबाडी आहे ना."

कुणालाही तसं वाटेल. अंबाडीची एक जात हुबेहूब अशाच पानांची असते. त्यांच्याकडे ज्वारीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधावर, ती लावतात, भाजी करतात, सोलून दोर वळतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, हो, अंबाडीच. लेक्चर टाळायला त्याला एवढं पुरत होतं. मग कुलूप कशाला, असं त्यांनी साहजिकच विचारलं. दार नीट लागत नाही म्हणून, असं त्यानं उत्तर दिलं. मी मूग गिळून बसले. ताई मात्र मायेनं वाकून रोपांकडे पाहत होत्या. त्यांना ती फार हडकुळी वाटली. दिवा चांगला आहे, पण यांना खायला काही देता की नाही, असं त्या म्हणाल्या. नवऱ्यानं सिरिंज आणि बाटली दाखवून सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली.

आमच्या डायनिंग टेबलाजवळ कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे. थंडीत ती आत आणावी लागते. इकडे मराठी घरांतून कढीपत्ता तगवणं ही एक स्पर्धाच असते आणि त्याचं औषध सगळ्यांना ठाऊक आहे, आंबट ताक. मी दर आठवड्याला पातळ ताक घालते आणि आमचा कढीपत्ता मराठी मंडळातल्या बायकांनी नावाजलेला आहे. ताईंनी ते पाहिलं होतं. शिवाय घरात रोज उरत होतं तेही त्या पाहत होत्या. नवऱ्यानं न प्यायलेलं ताक, त्यानं न खाल्लेलं वरण. टाकवत नव्हतं.

खालच्या खोलीची किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला असायची. मी घरूनच काम करते, इन्शुरन्स कंपनीच्या हिशेबांचं, आणि सकाळी माझ्या मीटिंग्ज असतात. नवरा ताई आल्यापासून उशिरा उठायला लागला होता, कारण उठलं की नाश्ता समोर यायचा. तेवढ्या वेळात ताई खाली जायच्या. कधी तांदळाचं धुवण, कधी ताक, कधी वरणाचं पाणी, कधी चहाचा चोथा. आम्ही केमोसाठी दिवसभर हॉस्पिटलमध्ये होतो त्या दिवशी त्यांनी बाटलीतलं खतही घातलं. सिरिंजच्या रेघा त्यांना दिसत नव्हत्या, म्हणून बुचानं. प्रत्येक कुंडीला एक बूच.

हे सगळं नंतर कळलं. आधी काय झालं, तर रोपं एकदम गडद हिरवी झाली. इतकी गडद की नवरा चष्मा पुसून पाहायला लागला. ताई खूश होत्या, गालातल्या गालात हसायच्या. मग पानांची टोकं खाली वळली, नखं वळावीत तशी. मग टोकं पिवळी पडली, करपली, आणि करपलेला भाग कडेकडेनं आत सरकायला लागला. खोलीला आंबूस वास येत होता. बारीक चिलटं उडत होती, ती मला वाटलं वरच्या कढीपत्त्याची असतील. नवऱ्यानं खत पूर्ण बंद केलं तरी पानं जळतच राहिली. त्याला काही उमगेना. मी कुंडी उचलली तर ती जड, आदल्या दिवशी जड, त्याच्या आदल्या दिवशीही जड. पाणी तर आम्ही घातलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये वजन केलं आणि ते पुन्हा उतरलं होतं. डॉक्टरबाईंनी पुढच्या डोसची तारीख पक्की केली नाही. पुढच्या वेळी वजन निदान इथेच टिकलेलं दिसू दे, मग बघू, म्हणाल्या. परतताना गाडी मी चालवत होते. नवरा खिडकीबाहेर बघत होता. घरी ताई ताटं मांडून वाट पाहत होत्या, पुरणपोळी केली होती. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी हात धुवायच्या निमित्तानं बराच वेळ नळापाशी उभी राहिले.

नवरा जेवायला न बसता खाली गेला. त्यानं माझ्याकडून एका कुंडीत साधं पाणी ओतून घेतलं, बशीत उतरलेलं पाणी भांड्यात घेतलं आणि त्यात मीटर बुडवला. आकडा पाहून त्यानं मीटर झटकला, पुन्हा बुडवला. मग बशीतल्या गाळात त्याला चहाची पत्ती दिसली. तो माझ्याकडे बघून हसला. मला आता ताईंना हाक मारून भांडायचं होतं, पण त्यानं मला थांबवलं आणि स्वतःच त्यांना खाली बोलावलं.

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या. नाकारलं काहीच नाही. बिचारी वाळून राहिली होती, म्हणून घातलं, एवढंच म्हणाल्या. न खाता वाढणार कशी.

नवरा खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसला. मास्कमुळे त्याचा आवाज दबका येत होता. "ताई, यांची मुळं अजून केसाएवढी आहेत. त्यांना झेपतं तेवढंच ती घेतात. बाकीचं मातीत साठतं, आणि मग साधं पाणीसुद्धा त्यांना ओढता येत नाही. पान जळतं ते त्यानं." त्यानं मास्क सारखा केला. "माझंही तेच चाललंय."

ताईंनी कुंड्यांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुला मी जाळून राहिली का रे बाबू?"

"नाही. पण तू समोर बघत बसतेस ना, त्यानं घास खाली उतरत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी खातो, आणि मग सगळं बाहेर पडतं."

ताईंनी पदर तोंडाला लावला. मी मघाशीच वर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होते. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही, मला फक्त त्या दोघांची दया येत होती. एकाला नाही म्हणता येत नव्हतं आणि एकीला थांबता येत नव्हतं, आणि दोघंही भीतीनं अर्धी झाली होती.

आता सांगायचंच तर सगळं सांगून टाकू, असं नवऱ्याला वाटलं असावं. ही अंबाडी नाही, गांजा आहे, हेही त्यानं त्याच दमात सांगितलं. ताई दचकल्या. रोपांकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. इथे कायद्यानं चालतं, डॉक्टरांना माहीत आहे, हेही सांगितलं. मग अगदी व्यवहारी आवाजात त्यांनी विचारलं की यानं भूक लागते का. लागते म्हणतात, नवरा म्हणाला. मग हे आधी सांगायचं ना, ताई म्हणाल्या, मी ताक घालून वाटोळं नसतं केलं. इतक्या दिवसांनी आम्ही तिघं एकदम हसलो. पुरणपोळ्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या मराठी काकूंकडे गेल्या.

रोपांवर उपाय एकच होता. भरपूर साधं पाणी ओतून मातीतलं साठलेलं धुवून काढायचं आणि मग काहीही करायचं नाही. धुण्याचं काम मी लाँड्रीच्या सिंकमध्ये केलं. बशीत उतरणारं पाणी आधी चहासारखं येत होतं, हळूहळू निवळलं. वरचा आंबलेला मातीचा थर काढून टाकला, चिलटांसाठी चिकट पिवळे कागद लावले, आणि खोलीत छोटा पंखा ठेवला. पुढचं, म्हणजे काहीही न करण्याचं काम, सगळ्यांना जड गेलं. त्यातल्या त्यात ताईंना. त्या रोज विचारायच्या, आज तरी थोडं द्यायचं का. नवरा म्हणायचा, माती वाळू दे. एका रोपानं मान टाकली ती टाकलीच. ते मी उपटलं तेव्हा मुळं तपकिरी आणि बुळबुळीत निघाली. उरलेल्या दोन रोपांची जळलेली पानं शेवटपर्यंत जळकीच राहिली, ती काही सुधारत नाहीत. पण शेंड्याला नवं पान फुटलं ते स्वच्छ हिरवं होतं, आणि नवऱ्यानं मला हाक मारून ते दाखवलं. त्यानंतरही तो आठवडाभर थांबला आणि मग पुन्हा चौथ्या हिश्श्याऐवजी आठव्या हिश्श्यानं सुरुवात केली.

वरच्या मजल्यावर ताईंनीही स्वतःला बदललं. कुणी सांगितलं नाही, त्यांनीच ठरवलं. मोठं ताट बंद झालं. आमच्याकडे मुलीच्या लहानपणच्या स्टीलच्या वाट्या होत्या, त्या त्यांनी कपाटातून शोधून काढल्या. त्यांत दोन-तीन चमचे काहीतरी घालून त्या टेबलावर ठेवायच्या आणि जोडे घालून बाहेर चालायला निघून जायच्या. मे महिना लागला होता, सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, फुटपाथवरून त्या स्वेटर आणि साडीत फेऱ्या मारायच्या. परत आल्यावर वाटीकडे बघायच्या नाहीत. वाटी मी उचलायचे. कधी ती तशीच भरलेली असायची, कधी अर्धी. पहिल्या दिवशी ताई घराला किती वळसे घालत होत्या ते मी खिडकीतून पाहत होते. मला त्यांचं फार कौतुक वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं. ज्या बाईला माणसाला जेवू घालणं ही एकच माया येते, तिला आम्ही ती करू नको म्हणून सांगितलं होतं.

उलट्या आधी कमी झाल्या आणि मग थांबल्या. थोडंसंच खाल्लेलं, पण ते अंगाला लागायला लागलं. पेज चालते, थंड चालतं, आंबट चालतं, गरम वरण चालत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं, कारण आता वाटीत काय उरतं ते खरं उरत होतं. पुढच्या तपासणीला वजन होतं तिथेच राहिलं. डॉक्टरबाईंनी डोसची तारीख दिली. वाढलं नव्हतं, नुसतं टिकलं होतं, पण परतीच्या वाटेवर नवऱ्यानं रेडिओ लावला.

त्या डोसनंतरचे चार-पाच दिवस पुन्हा वाईट गेले. सगळ्या वाट्या भरलेल्या परत आल्या. ताई फेऱ्या मारून यायच्या, स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. मी त्यांना चहा करून द्यायचे. एकदा कप हातात घेऊन त्या म्हणाल्या की अशानं तर मी वेडी होईन. मी म्हटलं, मीही होईन.

एका दुपारी त्यांनी कण्या केल्या, ताकातल्या, गार करून. आमच्या दोघींपुरत्याच केल्या होत्या, कारण त्याच्यासाठी म्हणून काही करणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. तरी सवयीनं एक लहान वाटी टेबलावर ठेवली. बाहेर पाऊस होता म्हणून त्यांना चालायला जाता येईना. त्या ओट्याकडे तोंड करून, टेबलाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. नवरा आला, बसला. चमच्याचा आवाज आला. मी लॅपटॉप उघडून समोर काहीतरी वाचल्याचं दाखवत होते. चमच्याचा आवाज पुन्हा आला, मग आणखी, आणि मग वाटीच्या तळाशी घासल्याचा.

"ताई, अजून थोडं दे," तो म्हणाला.

ताई वळल्या नाहीत. त्यांनी पातेल्यात डाव घातला आणि तो काठोकाठ भरून वर काढला. तसाच हवेत धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग अर्धा डाव परत पातेल्यात सोडला, उरलेला अर्धा त्याच्या वाटीत आणून घातला, आणि त्याच्याकडे न बघता पुन्हा ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या ताईंचे खांदे हलत होते. मी लॅपटॉपमागे डोळे पुसले. नवरा खात राहिला.